मीटरवर बारा व्होल्ट, तरी दार लॉक होईना

तक्रार अशी होती: रिमोट दाबला की तीन दारं लॉक होतात, ड्रायव्हरचं कधी होतं, कधी नाही. आमच्या परभणी-जालन्याच्या पट्ट्यात अशी गाडी आली की लगेच निदान ठरलेलं, "लॉक मोटर गेली." मोटर बदलताना तारा हलतात, तुटलेली टोकं तात्पुरती जुळतात, दार दोन दिवस चालतं आणि मग पुन्हा, "परत लॉक होऊ नाही राहिलं." म्हणून मोटरला हात लावायच्या आधी दोष दाराच्या आत आहे की दारापर्यंत येणाऱ्या तारेत, हे मी ठरवतो.

बॅटरी 12.5 व्होल्ट होती. रिमोट दाबल्यावर इंडिकेटर चमकत होते, म्हणजे रिमोट ठीक. मग किल्ली ड्रायव्हरच्या दारात घालून फिरवली, तर बाकीची तीन दारं लगेच खट्ट झाली. या एका कृतीने अर्धं काम होतं. या गाडीत ड्रायव्हरच्या लॉकला पाच तारा आहेत: दोन मोटरच्या, तीन आतल्या स्विचच्या. बाकीच्या दारांना नुसत्या मोटरच्या दोन. किल्लीवर तिन्ही दारं चालतात म्हणजे फ्यूज, कंट्रोल युनिट, स्विच आणि त्याच्या तारा शाबूत. राहिली ड्रायव्हरच्या दाराची मोटर, तिच्या दोन तारा किंवा लॉकची यांत्रिक अडचण.

यांत्रिक बाजू हातानेच कळते. आतली कळ दाबून-ओढून पाहिली. हलकी चालत होती. ती जड लागली तर वीज शोधत बसू नका. आपल्याकडच्या धुळीत जुनं ग्रीस वाळून चिकट होतं. त्यावर डिझेल किंवा जळकं ऑइल सोडलं की धूळ आणखी बसते. लॉक पुसून पांढरं लिथियम ग्रीस लावावं. (मागचं दार आतून उघडत नसेल तर आधी दाराच्या कडेची चाइल्ड लॉकची कळ बघा. त्यापायी अख्खं डोअर पॅड, म्हणजे दाराचं आतलं आवरण, उगाच उघडलेलं असतं.)

डोअर पॅडचे स्क्रू हँडलच्या वाटीत आणि आतल्या कडीमागे असतात. ते काढून पॅड खालून सुटं करायचं. उन्हाने क्लिप कडक होऊन तुटतात, तेव्हा आठ-दहा जवळ असू द्या. काही गाड्यांत दारात एअरबॅगचा सेन्सर असतो. तिथे इग्निशन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह काढायची, थोडं थांबायचं, मग कपलर, म्हणजे तारा जोडणारे प्लग, सोडायचे.

आता मोटरचा कपलर काढून हार्नेसकडच्या, म्हणजे गाडीकडून येणाऱ्या, दोन तारांवर मीटर लावला आणि दुसऱ्याला रिमोट दाबायला सांगितलं. लॉक करताना साधारण +12, अनलॉक करताना −12 यायला हवेत. त्याच दोन तारांत दिशा उलटते. हा झटका अर्ध्या सेकंदाच्या आसपासचा असतो, त्यामुळे डिजिटल मीटर धड आकडा पकडत नाही. इथे तर 12 च्या जवळ आकडा दिसलासुद्धा. फसायची जागा हीच. मीटर जवळजवळ करंट घेतच नाही, त्यामुळे तारेतला एकच धागा शाबूत असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. मोटरला मात्र काही अँपिअर लागतात.

मग इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब त्याच दोन तारांना लावला. तो 12 व्होल्टवर पावणेदोन अँपिअर ओढतो. दार अर्धं उघडं असताना रिमोट दाबला की बल्ब लख्ख; पूर्ण उघडल्यावर नुसता लाल ठिपका. बॅटरीवरून 10 अँपिअरच्या फ्यूजमधून मोटरला क्षणभर थेट वीज दिली, दोन्ही दिशांनी जोरात फिरली. मोटर निर्दोष, म्हणजे दोष दार उघडताना वाकणाऱ्या तारेत.

मोटर तपासताना रिमोट वीस वेळा दाबत बसू नका. बऱ्याच मोटरींमध्ये गरम झाल्यावर करंट अडवणारा भाग असतो. तो थंड होईपर्यंत चांगली मोटरही मेल्यासारखी वाटते. उलट, दारावर थाप मारल्यावर मोटर चालत असेल तर बहुधा तिचे कार्बन (आत वीज पोचवणारे ब्रश) झिजलेत, ती बदलावीच.

दार आणि ते ज्यावर बसतं तो खांब यांच्यामधला, तारा झाकणारा रबरी बूट मागे सरकवला. आत तारांचा जुडगा होता. एकेक तार दोन बोटांनी हलकी ओढली. एक तार रबरासारखी ताणली गेली: वरचं आवरण धड, आतलं तांबं तुटलेलं. ड्रायव्हरचं दार दिवसात सगळ्यात जास्त उघडतं, तार त्याच जागी वाकून थकते. आवरण चिरलं तेव्हा आतून हिरवट पूड निघाली. उंदराने कुरतडलेली तार वेगळी ओळखू येते; तिचं आवरणच तुटलेलं असतं. गाडी सोयाबीनच्या पोत्यांजवळ उभी असेल तर तेही बघा.

दुरुस्तीत बहुतेक जण बुटाच्या आतच सोल्डर करतात. सोल्डर तारेला ताठ करतं आणि जिथे ते संपतं तिथेच ती पुन्हा तुटते. मी खराब तुकडा कापून 0.75 चौरस मिलिमीटरची, बारीक धाग्यांची लवचीक तार घातली. ती इतकी लांब घेतली की एक जोड दाराच्या आत आणि दुसरा खांबाच्या आत, वाकणाऱ्या भागाबाहेर येईल. जोडांवर हीट श्रिंक (गरम केल्यावर आवळणारी नळी) चढवलं, कारण साध्या टेपचा गोंद मे महिन्याच्या उन्हात सुटतो. शेजारची तारही ताणून पाहिली. एक तुटली की दुसरी फार मागे नसते.

पॅड लावायच्या आधी दाराच्या आतलं प्लास्टिकचं कापड नीट चिकटवलं आणि खालची पाणी जायची छिद्रं तारेने मोकळी केली. काळ्या मातीचा चिखल त्यांत वाळून बूच बसतं, मग पावसात पाणी लॉकपर्यंत चढतं. शेवटी बल्ब पुन्हा लावून दार पूर्ण उघडं, अर्धं आणि जवळजवळ बंद अशा तिन्ही जागी रिमोट दाबला. तिन्ही वेळा उजेड सारखाच पडला, तेव्हा मोटरचा कपलर लावून पॅड बसवलं.