व्हिममध्ये मेल लिहिताना पेस्ट केलेला मजकूर जिन्यासारखा का उतरतो

मट या टर्मिनलमधल्या मेल प्रोग्रॅममध्ये व्हिम एडिटरने उत्तर लिहायला घ्यावं, कॉन्फिगच्या दहा ओळी पेस्ट कराव्यात, आणि प्रत्येक ओळ आधीच्या ओळीपेक्षा चार स्पेस उजवीकडे सरकलेली दिसावी. टर्मिनलमधून आलेली अक्षरं बोटांनी टाइप झाली की माऊसने ओतली, हे व्हिमला कळत नाही. ओळ संपली की त्याला वाटतं एंटर दाबलं. मग ऑटोइंडेंट (नव्या ओळीला आपोआप समास देणारी सोय) वरच्या ओळीइतकी जागा सोडतं आणि मजकुराच्या स्वतःच्या स्पेस त्यात भर घालतात.

मेलच्या फाइलीत आणखी एक घोळ असतो. टेक्स्टविड्थ, म्हणजे ओळीची कमाल लांबी, शून्य (मर्यादा नाही) असेल तर व्हिमचं मेल फाइलटाइप, म्हणजे मेलच्या फाइलींसाठीच्या सेटिंग, ती ७२ करून टाकतं. त्यामुळे १४० अक्षरांची लॉगची ओळ मधेच तुटते. फॉर्मॅटऑप्शन्स या सेटिंगमध्ये ‘ए’ असेल तर उलट होतं, वेगवेगळ्या ओळी एकाच परिच्छेदात कालवल्या जातात. ‘आर’ असेल आणि अवतरणाच्या ओळीत पेस्ट केलं, तर पुढच्या प्रत्येक ओळीला > हा बाण चिकटतो. म्हणून आधी काय बिघडलंय ते नीट बघा. जिना, तुटलेल्या ओळी आणि फुकटचे बाण ही तीन वेगळी दुखणी आहेत.

तिन्हींवर जुना उतारा एकच: पेस्ट करण्याआधी :सेट पेस्ट, नंतर :सेट नोपेस्ट. (कमांड इथे देवनागरीत आहेत, टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.) व्हिमआरसी या सेटिंगच्या फाइलीत पेस्टटॉगलला (पेस्ट चालू-बंद करणारी सोय) एफ२ जोडून ठेवली की इन्सर्ट मोडमधूनच, म्हणजे टाइप करता करताच, काम होतं. पण नोपेस्ट करायचं राहून जातं, आणि इथेच लोक फसतात. पेस्ट चालू असताना टेक्स्टविड्थ शून्य असते, इन्सर्ट मोडमधली मॅपिंग (कळींना नेमून दिलेली कामं) आणि अ‍ॅब्रिव्हिएशन (आखूड रूपं पूर्ण करणारी सोय) बंद असतात. एस्केपसाठी जेजे मॅप केलेलं असेल तर मेलमध्ये चक्क जेजे उमटतं. खालच्या ओळीत इन्सर्टशेजारी कंसात पेस्ट दिसतंय का, ते आधी पाहावं.

खरा इलाज ब्रॅकेटेड पेस्ट. यात टर्मिनलच पेस्ट मजकुराच्या आधी एस्केप [२००~ आणि शेवटी एस्केप [२०१~ अशी खूण पाठवतं, मग एडिटरला अंदाज बांधावा लागत नाही. व्हिम ८ पासून ही सोय आहे. व्हिमपासून निघालेल्या निओव्हिममध्ये ती मुळातच चालू असते, तिथे पेस्ट ऑप्शनच्या नादी लागू नये. तरीही टीमक्समध्ये (एका टर्मिनलात अनेक टर्मिनलं चालवणारा प्रोग्रॅम) जिना परत दिसतो, कारण व्हिम ही सोय आपोआप चालू करतं ते टर्म व्हेरिएबल (टर्मिनलच्या प्रकाराचं नाव) एक्सटर्मने सुरू होत असेल तेव्हा, आणि टीमक्समध्ये तिथे स्क्रीन-२५६कलर किंवा टीमक्स-२५६कलर असं नाव असतं. मग व्हिमआरसीत चार किमती हाताने द्याव्या लागतात: टी_बीईला एस्केप [?२००४एच, टी_बीडीला एस्केप [?२००४एल, आणि टी_पीएस व टी_पीईला वरच्या दोन खुणा. टर्म व्हेरिएबल खोटंच एक्सटर्म करून ठेवणं हा शॉर्टकट टाळा, टीमक्समध्ये स्क्रीनची दुसरी गडबड सुरू होते.

ब्रॅकेटेड पेस्ट नसताना नॉर्मल मोडमध्ये पेस्ट केलं तर मजकुरातली रोमन अक्षरं कमांड म्हणून चालतात. आय, ए किंवा ओ येईपर्यंतचा भाग गिळला जातो, वाटेत डीडी आलं तर एक ओळही जाते. घाबरून काही टाइप करू नका. एस्केप, आणि सगळं पूर्ववत होईपर्यंत यू.

व्हिम स्वतःच्याच मशीनवर असेल तर टर्मिनलला मध्ये न घेता क्लिपबोर्डवरून थेट पेस्ट करणारं "+पी वापरावं. त्यासाठी व्हिममध्ये क्लिपबोर्डची सोय असावी लागते. :व्हर्जनच्या यादीत क्लिपबोर्डआधी वजा दिसला तर ती नाही. डेबियन लिनक्सवर व्हिम-जीटीके३ हे पॅकेज घातलं की मिळते. एसएसएचने दूरच्या सर्व्हरवर असाल तर हा मार्ग साधारणपणे बंद, कारण क्लिपबोर्ड इकडे आणि व्हिम तिकडे.

पॅच (कोडमधल्या बदलांची फाइल) मात्र पेस्ट करूच नये. टर्मिनलच्या पडद्यावरून माऊसने उचलताना टॅबच्या जागी बहुधा स्पेस येतात आणि समोरच्याकडे पॅच लागत नाही. लिनक्स कर्नलच्या दस्तऐवजातही याच कारणाने कॉपी-पेस्ट टाळायला सांगितलंय. :आर आणि पुढे फाइलचं नाव दिलं की फाइल जशीच्या तशी मेलमध्ये उतरते. मोठ्या लॉगलाही हेच बरं.

वेब पानावरून उचललेल्या मजकुरात न दिसणारी अक्षरंही येतात. संशयित जागी कर्सर नेऊन जीए दाबलं की कोड दिसतो. ए० म्हणजे न तुटणारी स्पेस, तिच्या जागी साधी टाका. २००बी म्हणजे शून्य रुंदीची स्पेस, ती बिनधास्त काढा: :%एस/\%यू२००बी//जी. पण त्याच झटक्यात २००डी (अक्षरं जोडणारी न दिसणारी खूण) काढू नका. मराठी मजकुरात अर्धा र अनेकदा र, हलंत, २००डी आणि य असा लिहिलेला असतो. तो जोडणारा काढला की ‘सह्याद्रीतल्या दऱ्या’चं ‘सह्याद्रीतल्या दर्या’ होतं, आणि शुद्धलेखन तपासनीसही हूं की चूं करत नाही, कारण दर्या हाही शब्दच आहे.