सेझानचे दगड

फ्रेंच चित्रकार सेझानची दगडाच्या खाणीची चित्रं पहिल्यांदा बघितली तेव्हा खरं सांगतो, मला वाटलं याला दगड काढता येत नसावा. एक नारिंगी ठोकळा, त्याला टेकलेला दुसरा नारिंगी ठोकळा, मधेच एक हिरवं झाड घुसलेलं. म्हटलं अर्धवट सोडून उठला की काय हा माणूस!

मग कधीतरी त्या बिबेमूसच्या खाणीचे फोटो बघितले आणि माझीच फजिती झाली, कारण तिथले दगड खरंच तसे आहेत. दक्षिण फ्रान्समधल्या एक्स (Aix) शहराजवळची ही खाण, रोमन काळापासून इथून दगड कापून न्यायचे, जुन्या एक्समधल्या कितीतरी इमारती त्याच पिवळसर दगडाच्या. चिरे निघून गेले आणि मागे उरल्या त्या ताशीव भिंती, कोनाडे, कुठेच न जाणाऱ्या पायऱ्या. सेझाननी १८९५ मध्ये तिथलं एक खोपटं भाड्यानं घेतलं, तोवर खाण ओस पडून झाडं वाढलेली. म्हणजे बघा, निसर्गाचे ठोकळे करायचं काम पाथरवटांनी आधीच उरकलेलं होतं, यानं ते फक्त नीट बघितलं. (फक्त म्हणतोय खरं, पण १९०४ पर्यंत ते खोपटं सोडलं नाही पठ्ठ्यानं.)

बरं, दगड म्हणजे काय हे त्याला माहीत नव्हतं असंही नाही. मारियाँ नावाचा त्याचा तरुणपणीचा दोस्त भूगर्भशास्त्रातला, दोघं मिळून त्या भागात भटकायचे, सेझानच्या स्केचबुकात मारियाँच्या हातच्या भूगर्भाच्या नोंदी आहेत. मित्र असावा तर असा!

मला सगळ्यात भारी वाटतं ते रंगाचं. त्या दगडाला नारिंगी-पिवळा रंग येतो लोहामुळे, आणि चित्रकाराच्या ट्यूबमधला पिवळा ऑकर रंग म्हणजेही मुळात लोह असलेली मातीच. मातीनंच माती रंगवली की हो!

पुढे १९०८ मध्ये ब्राक नावाच्या चित्रकारानं लेस्ताकची घरं-झाडं अशीच ठोकळ्याठोकळ्यांत काढली, सेझान स्वतः जिथे रंगवत बसायचा तेच हे गाव, आणि एका समीक्षकानं 'क्यूब' म्हणून नाक मुरडलं, त्यातूनच त्या ठोकळेबाज चित्रशैलीला क्युबिझम नाव पडलं. ठीक आहे, ते सगळ्यांना माहितीये. मी आपला अजून त्या बाल्टिमोरच्या म्युझियममधल्या चित्रावरच अडकलोय, ज्यात काही किलोमीटर लांबचा सँत-व्हिक्तुआर डोंगर खाणीच्या भिंतीवर असा येऊन बसलाय, की मधे दरी आहे हे डोळ्यांना पटतच नाही.