भार नसलेल्या कमानी

मी मानसोपचार विभागात समाजसेविका आहे. स्किझोफ्रेनिया, बायपोलर, जुनाट नैराश्य यांतून सावरणाऱ्यांच्या आमच्या डे-केअर गटाला आम्ही अधूनमधून लेणी, किल्ले दाखवायला नेतो. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय निघत नाही. काही गोळ्यांमुळे ऊन लवकर बाधतं, लिथियम घेणाऱ्यांना तर पाणी कमी पडून चालतच नाही. कार्ल्याच्या लेण्यांना जायचं तर रविवार आणि एकवीरेची यात्रा टाळायची. गर्दीत आमची माणसं गांगरतात.

एकदा कार्ल्याला गेलो, त्या दिवशी गटात एक सुतारकाका होते. आजारपणात काम सुटलं, मग हळूहळू बोलणंही. काहीही विचारा, उत्तर एकच: "बरंय."

चैत्यगृहात, म्हणजे बौद्धांच्या प्रार्थनेच्या दालनात, शिरल्यावर बाकीचे स्तूपाकडे गेले. काका मात्र खांबांच्या रांगेमध्ये उभे राहून वर बघत राहिले. छताला सागवानी कमानी आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या. बऱ्याच वेळाने म्हणाले, "ताई, यांच्यावर भार नाही. वर अख्खा दगड आहे. मग बसवल्या कशाला?"

अगदी मर्माचा प्रश्न होता! पूर्वी अशी सभागृहं लाकडाची बांधत. डोंगर कोरतानाही कारागिरांनी तीच घडण राखली. एवढं मी सांगितलं आणि काका सुरू झाले. एवढा बाक एका फळीतून निघत नाही, तुकडे जोडावे लागतात, सांधा कुठे घ्यायचा, हे गटातल्या दोन पोरांना हातवारे करून समजावत होते. धेनुकाकट नावाच्या गावच्या सामी या सुताराने दार करून दिल्याचा लेख इथे आहे, हे सांगितल्यावर तर त्यांना ती अक्षरं बघायचीच होती. जुनी ब्राह्मी लिपी आहे, वाचता येणार नाही म्हटलं. "नुसतं दाखवा," म्हणाले.

आम्ही दवाखान्यात त्यांना रोज त्यांच्या आजाराविषयीच विचारतो: झोप लागली का, आवाज ऐकू आले का. इथे त्यांनी विचारलं, आणि जाणकार तेच होते. अशा जागांचं मोल मला यातच वाटतं. लेणं औषधाची जागा घेत नाही. त्यांच्या गोळ्या तशाच चालू आहेत, नंतरही काही दिवस ते गप्पच होते. पण आता समुपदेशनाची सुरुवात मी लाकडापासून करते, आणि गप्पा पुढे सरकतात. जवळच्या भाजे लेण्यांच्या चैत्यगृहातही जुन्या लाकडी कमानी आहेत, हे कळल्यापासून त्यांनी सहलीसाठी मागे लागून डॉक्टरांची परवानगीही मिळवली आहे.