गॅसचा बॉक्स सेट : पॉपपर्यंत पोचलो

वोल्फगांग फोग्ट 'गॅस' ह्या नावाने जे इलेक्ट्रॉनिक संगीत करतो त्याच्या अल्बमांचा बॉक्स सध्या क्रमाने ऐकतोय, त्याची ही पुढची नोंद. नवीन लोकांसाठी पटकन सांगतो, फोग्ट जर्मनीतल्या कोलोनचा, १९९८ मध्ये ज्यांनी कोम्पाक्ट लेबल काढलं त्यांच्यापैकी एक, माइक इंक, स्टुडिओ १ अशी त्याची ढीगभर नावं आहेत आणि गॅस हे त्यातलं मला सगळ्यात जवळचं. बॉक्समधले चार रेकॉर्ड मुळात मिल प्लातो ह्या फ्रँकफर्टच्या लेबलवर आले, त्साउबरबेर्ग १९९७, क्योनिग्सफोर्स्ट १९९८, ऑक्टेंबर १९९९ आणि पॉप २०००. २०१६ ला कोम्पाक्टने हे चारही एकत्र काढले, १० एलपी आणि ४ सीडी. १९९६ चा पहिला अल्बम ह्यात नाहीये, तो 'नाह उंड फेर्न' ह्या २००८ च्या चार सीडींच्या सेटमध्ये मिळतो.

त्साउबरबेर्गवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि त्याचं कारण करकर. फोग्टने जुन्या ऑर्केस्ट्राच्या रेकॉर्डमधले तुकडे उचलून त्यांचे लूप केलेत, म्हणजे तोच तुकडा परत परत फिरत राहतो (वाग्नर, शोनबर्ग ही नावं नेहमी घेतली जातात), आणि त्या तुकड्यांबरोबर जुन्या व्हिनाइलची करकर पण आत आलीये. आता इथे कोथरूडला आमच्या गल्लीत एका वेळी दोन-तीन बिल्डिंगांचं रीडेव्हलपमेंट चालू असतं, खिडकी तासभर उघडी राहिली की टर्नटेबलच्या झाकणावर बोटाने नाव लिहिता येतं एवढी धूळ. मग सुई टेकली आणि चर्र झालं की प्रश्न पडतो, हे फोग्टचं का आमच्या गल्लीचं? ह्याला एक साधी युक्ती आहे. तेहतीसच्या स्पीडला (मिनिटाला ३३⅓ फेरे) रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदात होतो, त्यामुळे ओरखडा असेल किंवा कण चिकटून बसला असेल तर टिक बरोब्बर तेवढ्याच अंतराने येत राहते, आणि फोग्टची करकर त्याच्या लूपच्या लांबीने फिरते जी वेगळी असते, शिवाय ती तंतुवाद्यांबरोबर दबते आणि वर येते. हे एकदा कानात बसलं की दोन्ही थर वेगळे ऐकू यायला लागतात आणि मग ब्रश कधी मारायचा तेही कळतं. मी आता प्रत्येक साइडच्या आधी कार्बन फायबरचा ब्रश फिरवतो, फिरत्या रेकॉर्डवर नुसता टेकवायचा, दाबायचा नाही, आणि शेवटी बाहेरच्या कडेकडे हळू ओढून घ्यायचा.

किकबद्दल, म्हणजे खालच्या ड्रमच्या ठोक्याबद्दल. गॅसची किक अशी आहे की तिला तोंडच नाही, वरच्या फ्रिक्वेन्सी सगळ्या कापलेल्या, नुसता धप. गणपतीत दोन गल्ल्या पलीकडे डॉल्बी लागला की आपल्या बेडरूममध्ये गाणं कुठलं ते कळत नाही पण ठोका पोटात येतो, तसंच. कारण पण तेच, भिंती वरचे सूर अडवतात आणि खालचे सोडतात, फोग्टने तेच काम फिल्टरने केलंय. आणि पॉपच्या आधीचे तीन अल्बम ओळीने ऐकताना माझं पक्कं मत झालं की किक स्वतः फारशी बदलतच नाही, बदलतं ते तिचं आपल्यापासूनचं अंतर. त्साउबरबेर्गमध्ये पहिला आणि शेवटचा ट्रॅक किकशिवाय आणि मधे ती अगदी कानाशी, अंधारात कोणीतरी मागेच चालतंय असं वाटावं इतकी, क्योनिग्सफोर्स्टमध्ये ती लांब जाते आणि ब्रास, म्हणजे पितळी वाद्यं, पुढे येतात. लूप आणि किक एकमेकांत नीट बसत नाहीत हे पण लक्षात आलं. शास्त्रीय ऐकायची सवय असेल तर मन सारखं सम शोधत राहतं आणि ती काही येत नाही, लूप आपला आपल्या गतीने वळून येतो, किक खालून चालत राहते, आणि थोड्या वेळाने शोधणं सुटतं, तिथून खरी मजा सुरू.

क्योनिग्सफोर्स्ट हे कोलोनच्या पूर्वेचं खरंखुरं जंगल आहे, फोग्ट लहानपणापासून तिथे जायचा. जंगल डिस्कोत आणायचं किंवा डिस्को जंगलात न्यायचा असं त्याच्या डोक्यात होतं. म्हणून हा अल्बम सीडीवरून फोनवर घेतला आणि वेताळ टेकडीवर ऐकला, एआरएआय ह्या वाहन संशोधन संस्थेच्या बाजूने चढून खाणीपर्यंत. उन्हाळ्यात तो तिथे अजिबात लागला नाही, गवत वाळलेलं, ग्लिरिसिडियाची झाडं निष्पर्ण, उजेड फार कडक. जुलैत भुरभूर चालू असताना, ढग खाली आलेले, वीस पावलांपुढचं झाड नुसतं करडं दिसतंय, तेव्हा मात्र काय लागला! मधेच मोर ओरडला, हेडफोनच्या आतून का बाहेरून ते कळेना, हेडफोन काढून बघितलं. माझं स्पष्ट मत, हा अल्बम पुण्यात जून ते सप्टेंबर ऐकायचा.

ऑक्टेंबर छोटा आहे, एकच एलपी, ऐकला, छान आहे, पण बाकीच्यांसारखा घर करून राहिला नाही.

पॉप आत्ता चालू आहे. इथे बराच वेळ किक नाहीच, पाण्यासारखा झिरपणारा हिरवा आवाज, कव्हरवरचं जंगल पण हिरवं. आणि मग शेवटच्या ट्रॅकला ती परत येते, पंधराएक मिनिटं थांबत नाही. इतका वेळ नसल्यामुळे ती आल्यावर छातीत भरून येतं, मला तरी आलं. ह्या ट्रॅकसाठी छोटे बुकशेल्फ स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे ओढले, भिंतीला चिकटून असताना सगळा खालचा आवाज एकत्र घुमत होता, आता किकचा प्रत्येक ठोका सुटा येतो, थोडा बारीक झाला पण स्वच्छ. ज्यांची खोली लहान आहे त्यांनी हे आधी करून बघा, सबवूफरवर पैसे नंतर.

आता पॉपची शेवटची साइड एलपी आणि सीडी अशी आलटून पालटून ऐकायची आहे, एकाच व्हॉल्यूमला. कोणी हे आधीच केलं असेल तर किक कशात जास्त खोल वाटली ते सांगा.