तांदळाची पोती आणि उत्तर दिशा

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात जे धक्के सुरू झाले, त्यांतले बारके धक्के मुंबईत बसून तपासणं हे माझं काम. "मग मुंबईला कधी?" हा प्रश्न मला प्रत्येक लग्नात ऐकावा लागतो. मला हवी असते ती धक्क्याची एस-लहर, म्हणजे प्रवासाच्या दिशेला आडवी जमीन हलवणारी लहर. खडकात एका दिशेने बारीक भेगा असल्या की ती दुभंगते. भेगांना समांतर हलणारी लहर आधी पोचते, भेगांना आडवी हलणारी मागाहून. फरक सेकंदाच्या काही शतांश भागांचा. आधी आलेल्या लहरीवरून भेगांची आणि बहुधा खडकावरच्या दाबाचीही दिशा कळते. फक्त लहर जवळपास सरळ खालून यायला हवी. उभ्या रेषेपासून साधारण ३५ अंशांपलीकडे कलली, तर भूपृष्ठाशीच तिचं रूप बिघडतं.

आमच्या भूकंप नोंदवणाऱ्या एका केंद्रावर ही दिशा बाकीच्यांपेक्षा ३८ अंशांनी वेगळी येत होती. साहेबांनी लगेच "नवा भ्रंश", म्हणजे खडक जिथे सरकतो अशी नवी मोठी भेग, म्हणून स्लाइड केली. स्लाइड करायला वेळ कुठे लागतो! मी दूरच्या मोठ्या भूकंपांच्या पी-लहरी काढल्या; या सर्वांत आधी पोचतात आणि प्रवासाच्या दिशेनेच जमीन हलवतात. त्या कुठून येणार हे आधीच ठाऊक असतं. या केंद्रावर प्रत्येक लहर एकाच बाजूला वळलेली दिसत होती.

जानेवारीत विरारहून डहाणू लोकल पकडली. यंत्र एका शाळेच्या कोठीत. शिपाईकाका म्हणाले, "मॅडम, पावसात गळत होतं, तर पोती ठेवायला थोडं सरकवलं. नंतर तुमचा माणूस येऊन नीट करून गेला की!"

आमच्या माणसाने यंत्रावरच्या पातळीचा बुडबुडा मधोमध आणला, वहीत 'लेव्हल केले' लिहिलं आणि परतीची गाडी गाठली. यंत्रावरचा उत्तरेचा बाण कुठे पाहतोय, हे पाहिलंच नाही. होकायंत्रही बिनकामाचं: कोठीत लोखंडी मांडणी, बाहेर बेसॉल्ट, आणि त्या काळ्या दगडात स्वतःचंच चुंबकत्व. शेवटी अंगणात ओळंबा टांगला. डहाणूला सूर्य माध्यान्हीला येतो तो घड्याळात बारा वाजून गेल्यावर अर्ध्यापाऊण तासाने. त्या क्षणी सावलीवर सुतळी ताणली आणि ती रेघ दारातून आत नेली. पोरं भोवती जमलीच. एकीने सुतळीचं टोक असं घट्ट धरलं, की आमच्या माणसाऐवजी तिलाच नेमावं.

बाण २२ अंश फिरलेला निघाला. पी-लहरीही तेवढंच सांगत होत्या.

स्लाइड गेली. पण ३८ मधून २२ वजा केले तरी १६ उरतात, आणि साहेब म्हणतात, "तेही सुतळीचंच असेल." म्हणून पोती येण्याआधीच्या नोंदी उकरल्या. ३५ अंशांच्या अटीत बसणारे तीनच धक्के सापडले. एकात लहर दुभंगलेलीच नाही. उरलेल्या दोघांत बाकीच्या केंद्रांपेक्षा फरक १५ आणि १७ अंशांचा.