रुमाल आणि घुमट

लग्नानंतरच्या पहिल्या नाताळच्या सुट्टीत आम्ही दोघे विजापूरला गेलो होतो आणि गोल घुमटात एकमेकांचे एक अक्षरही न ऐकता परत आलो होतो. सज्जावर त्या दिवशी चार शाळांच्या सहली होत्या, प्रत्येक मुलाला आपापल्या नावाची परतफेड हवी होती, आणि एका हाकेचे सात-आठ प्रतिध्वनी धरले तर त्या छताखाली किती आवाज फिरत असतील याचा हिशेब यांनी तेव्हाही केला होता. ‘पुढच्या वेळी पहाटे येऊ’ असे ते म्हणाले. ती पुढची वेळ यायला हे निवृत्त व्हावे लागले.

मधल्या वर्षांत आम्ही पुष्कळ हिंडलो, आणि ऐतिहासिक वास्तू बघण्याच्या आमच्या दोन पद्धती पक्क्या होत गेल्या. हे बांधकाम खात्यात होते, त्यामुळे कोणत्याही इमारतीकडे त्यांची नजर आधी तड्यांकडून जाते. पाणी कुठून मुरते, वजन कुठे उतरते हे कळल्याशिवाय ते पुढे सरकत नाहीत. मला मात्र इथे कोण राहत होते, कोणाचे कोणाशी पटत नव्हते आणि कोणाच्या शेजारी कोणाला पुरले, एवढेच हवे असते. यामुळे पूर्वी आमचे भांडण होई. आता दोघांनी दोन बाजूंनी सुरुवात करायची आणि मध्ये कुठेतरी भेटायचे, असे ठरून गेले आहे.

गावाचे नाव २०१४ पासून कागदोपत्री विजयपुरा झाले असले तरी सोलापूरच्या स्टँडवर अजून विजापूरचीच गाडी विचारावी लागते. रात्रीच मुक्कामाला पोहोचलो आणि दार उघडताच घुमटात शिरलो. आत आम्ही, एक झाडूवाला आणि पारवे. मुहम्मद आदिलशहाने १६५६ मध्ये डोळे मिटले, त्याची ही कबर. वर चौथऱ्यावर दिसतात त्या नुसत्या खुणा, खऱ्या कबरी खाली तळघरात आहेत. त्याच्या बेगमा, मुलगी आणि नातू यांच्याबरोबरच दरबारातली नर्तकी रंभा हिलाही त्याच चौथऱ्यावर जागा आहे. मी रंभेपाशी रेंगाळले. बेगमांना हे शेजारपण कसे वाटले असेल, हा माझ्या मते त्या वास्तूतला सर्वांत मोठा प्रश्न आहे.

यांचा प्रश्न वेगळा होता. बाहेरून ४४ मीटर व्यासाचा घुमट, आणि खाली एकही खांब नाही. चौकोनी भिंतींवर गोल छत बसवायचे कसे, हे मला गेली कित्येक वर्षे समजावून सांगायचे राहिले होते म्हणे. त्यांनी खिशातला रुमाल काढून फरशीवर अंथरला, माझा मागून घेतला आणि त्यावर तिरका ठेवला. दोन चौकोनांचे आठ टोकांचे चांदणे झाले आणि मधोमध एक अष्टकोन उरला. ‘हे सगळे कमानींनी केले आहे,’ ते म्हणाले, ‘एकमेकींना छेदणाऱ्या कमानी. वर जाताना पोकळी आत आत येत अष्टकोनी होते, आणि अष्टकोनावर गोल बसवणे सोपे.’ झाडूवाला झाडू टेकवून ऐकत उभा राहिला. इतकी वर्षे तो ते छत बघत होता, पण रुमालांकडे मात्र त्याने खाली वाकून पाहिले.

कोपऱ्यातल्या सात मजली मनोऱ्याचा अरुंद जिना चढून सज्जावर गेलो. गुडघ्यांनी प्रत्येक मजल्याची नोंद घेतली. मी एका बाजूला भिंतीला कान लावून बसले आणि हे वळसा घालून समोर गेले. मध्ये जवळजवळ सव्वाशे फुटांची पोकळी, आणि पलीकडे हे बोटाएवढे. क्षणभराने अगदी कानाशी बसून बोलावे तसे शब्द आले, ‘रक्तदाबाची गोळी घेतलीस का?’ घरी स्वयंपाकघरातून मारलेल्या माझ्या तीन हाका दिवाणखान्यापर्यंत पोहोचत नाहीत, आणि इथे भिंतीने कुजबूजसुद्धा सांडू दिली नाही. मी ‘घेतली’ म्हटले. खरे तर गोळी खोलीवरच राहिली होती, पण त्या भिंतीशी खोटे बोलणे अवघड गेले.

नाश्त्यानंतर टांगा केला. मुलूखमैदान तोफेपाशी फार थांबलो नाही. १५४९ मध्ये अहमदनगरला ओतलेली ही पंचावन्न टनांची तोफ इंग्रजांनी १८५४ साली लिलावात दीडशे रुपयांना विकली होती आणि मग सौदा रद्द केला, हे ऐकून यांनी ‘नुसती मोड म्हणून तरी’ असे काहीतरी पुटपुटले. दुपारी खानावळीत कडक भाकरी, भरली वांगी आणि शेंगांची चटणी झाली, आणि ऊन उतरल्यावर आम्ही इब्राहिम रोझ्यात गेलो.

गोल घुमटाने माणूस दबतो. रोझ्यात तो सैलावतो. एकाच चौथऱ्यावर समोरासमोर मकबरा आणि मशीद, मध्ये हौद. खिडक्यांच्या दगडी जाळ्या अक्षरांच्याच कोरल्या आहेत, त्यामुळे आत येणारा उजेडसुद्धा लिहिल्यासारखा वाटतो. मलिक संदल या कारागिराचे नाव शिलालेखात टिकले आहे, याचे यांना फार समाधान वाटले. मोठ्या इमारतींवर बांधणाऱ्याचे नाव सहसा नसते, ही त्यांची जुनी तक्रार आहे. मी माझे काम केले. हा मकबरा मुळात राणी ताज सुलताना हिच्यासाठी योजला होता. पण १६२७ मध्ये इब्राहिम आदिलशहाच आधी गेला आणि आधी तोच इथे निजला. एसटीच्या खिडकीतून बायकोने रुमाल टाकावा आणि नवऱ्याने आत शिरून बसावे, तसेच झाले, असे मी म्हटले.

हे मोठ्याने हसले आणि मग एकदम खिसे चाचपू लागले. एका खिशात त्यांचा रुमाल सापडला. माझा गोल घुमटातच राहिला होता, बेगमांच्या चौथऱ्यापाशी, फरशीवर, तिरका.

‘जागा धरून आलीस की काय?’ हे म्हणाले, आणि टांगेवाल्याला त्यांनी परत घुमटाकडे घ्यायला सांगितले.