गेटवर थर्मामीटर, आत कोंडलेली हवा

साथ आली की एकाच कंपनीत दोन वर्ग पडतात. एकाचं काम घरून होतं, दुसऱ्याला हजर राहावंच लागतं. सुरक्षेचे नियम ठरवतो पहिला, ते पाळायचे दुसऱ्याने. म्हणून कुठलाही उपाय पुढे आला की मी आधी एकच विचारते: याचा खर्च आणि त्रास कोणाच्या माथी? ताप मोजणं, हात धुणं, कापडी मास्क, भिंतीवरचे फलक हे सगळं स्वस्त, आणि जबाबदारी कामगाराची. हवा खेळती ठेवणं, पगारी रजा, जादा माणसं यांना पैसा लागतो आणि तो मालकाचा जातो. २०२० मध्ये बहुतेक ठिकाणी कशावर भर दिला गेला, ते आठवून पाहा.

औद्योगिक सुरक्षेत उपायांचा क्रम जुना आहे. धोका मुळातच टाळा. ते जमत नसेल तर जागेची आणि यंत्रणेची रचना बदला. मग कामाच्या वेळा आणि नियम. अंगावर घालायची साधनं सगळ्यात शेवटी. साथीत हा क्रम उलटा झाला. गेटवरच्या तापमापकाचा फारसा उपयोग नव्हता, कारण कोविडचा संसर्ग लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून पसरतो आणि कित्येकांना ताप येतच नाही. काउंटरवरचे प्लास्टिकचे पडदे समोरून उडणारे थेंब अडवतात, पण तासन्‌तास हवेत तरंगणारे बारीक कण त्यांना वळसा घालून जातात. पडदे दाटीने लावले तर हवा उलट कोंडते.

हवा कशी आहे हे कळायला कार्बन डायऑक्साइड मोजणारं मीटर पुरतं. ते एनडीआयआर सेन्सरचं, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने वायू मोजणारं घ्या. आधी उघड्यावर नेऊन पाहा, आकडा ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) आसपास यायला हवा. मग आत नाकाच्या उंचीवर, माणसांपासून मीटर-दीड मीटर लांब आणि खिडकीपासून दूर ठेवा. वीस मिनिटं थांबून आकडा लिहा. ८००च्या आत असेल तर बरं. १५०० दिसला, तर आत घेतलेल्या हवेचा साधारण तीन टक्के भाग दुसऱ्या कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेला आहे. गॅसची शेगडी किंवा चालू इंजिन जवळ असेल तर या मीटरवर विसंबू नका. हवा गाळणाऱ्या यंत्रानेही हा आकडा उतरत नाही, कारण ते कण अडवतं, वायू नाही.

अशा यंत्राचा हिशोब सोपा आहे. खोली ६ मीटर लांब, ५ मीटर रुंद, ३ मीटर उंच असेल तर ९० घनमीटर हवा. तासाला निदान पाच वेळा ती स्वच्छ व्हायला हवी, म्हणजे ४५० घनमीटर. यंत्रावर छापलेली क्षमता सर्वांत वरच्या वेगाची असते. त्या वेगाला आवाज इतका येतो की दुसऱ्या दिवशी कोणीतरी वेग उतरवतंच. त्यामुळे मधल्या वेगाला ४५० भरेल असं यंत्र घ्या, किंवा लहान दोन.

मोजमाप कुठे करायचं हेही महत्त्वाचं. व्यवस्थापक मोठ्या हॉलचा आकडा दाखवतात. खरी गर्दी शिफ्ट बदलताना कपडे बदलायच्या खोलीत होते: जाणारे अजून आत, येणारे दारात, खिडकी नाही, मास्क उतरलेले. जेवणाच्या खोलीचंही तेच. दोन शिफ्टमध्ये पंधरा मिनिटांचं अंतर ठेवलं तर ही गाठच पडत नाही. पण त्या पंधरा मिनिटांचा पगार कोण देणार यावर गाडी अडते, आणि नियम कागदावरच राहतो.

रजेचा मुद्दा याहून कळीचा. आजारपणाचे पहिले दोन-तीन दिवस बिनपगारी असतील, तर माणूस नेमका सर्वाधिक संसर्गाच्या दिवसांत कामावर येतो. त्यात हजेरी बोनस असेल तर एका खाड्याने महिन्याचा बोनस बुडतो. अशा ठिकाणी ‘बरं नसेल तर घरी थांबा’ हा फलक लावणं मला सरळसरळ अन्याय वाटतो. पहिल्या दिवसापासून पगार, आणि साथीपुरता हजेरी बोनस सगळ्यांना सारखा, हे दोन्ही एकत्र झालं तरच लोक थांबतात. सफाई कामगार, सुरक्षारक्षक, ड्रायव्हर कंत्राटी असतात. हवा तीच, रजेचे नियम वेगळे. कोणी बाधित निघाल्याची सूचना कंपनीच्या ईमेलवर जाते आणि यांच्याकडे तो ईमेलच नसतो. सूचना गेटजवळच्या फलकावर लावा: तारीख, शिफ्ट, विभाग. नाव नको.

मास्क द्यायचेच तर एन-९५, कंपनीच्या खर्चाने, आणि निदान दोन आकारांत. एकच आकार आणला की लहान चेहऱ्याच्या बायकांच्या गालाशी फट राहते. दाढीवर तर तो बसतच नाही.

हे सगळं मागायचं कसं? तोंडी तक्रार सुपरवायझरपाशीच विरते. कागदावर जागा, शिफ्ट, माणसांची संख्या, मीटरचा आकडा, नेमकी मागणी आणि उत्तराची मुदत लिहा. एकाने सही करू नका. दहा सह्या असल्या की एकाला वेचून त्रास देणं अवघड जातं. पोच घ्या. जिवाला तातडीचा आणि गंभीर धोका आहे असं सकारण वाटून काम थांबवणाऱ्याला त्याची शिक्षा होऊ नये, असं आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१च्या १५५व्या करारात आहे. प्रत्यक्ष संरक्षण मात्र आपापल्या देशाच्या कायद्यावर ठरतं, तो आधी तपासा. थांबवायची वेळ आलीच तर न सांगता निघून जाऊ नका. धोका लेखी कळवा, आवारातच राहा, सुरक्षित जागी दुसरं काम करायची तयारी दाखवा. नाहीतर नोंद ‘गैरहजर’ अशी होते आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

सुरक्षा समिती असेल तर तिची बैठक शिफ्टच्या वेळेत, पगारी आणि कामाच्या जागीच व्हायला हवी. रात्रपाळीचा आणि कंत्राटी कामगारांचा एकेक माणूस त्यात हवा, तो कामगारांनी निवडलेला. इतिवृत्तात प्रत्येक मागणीपुढे होकार की नकार, नकाराचं कारण आणि तो देणाऱ्याचं नाव येऊ द्या.